सकाळची बाजू: बर्गरच्या साखळीसमोर सापडलेल्या एका कॉफीशॉपचं प्रकरण

ही हकिकत अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका मध्यम आकाराच्या शहरातली आहे, २००८ ते २०११ या काळातली. त्या दुकानाचे हिशेब तेव्हा मी पाहत होतो. मालकीणबाईंना विचारूनच लिहितोय. त्यांचं, शहराचं आणि समोरच्या साखळीचं नाव गाळलं आहे. ओळख पटू नये म्हणून दुकानाचे आकडेही थोडे इकडेतिकडे केले आहेत, प्रमाण मात्र तेच ठेवलंय.

पार्श्वभूमी

मालकीणबाई आधी शाळेत शिकवायच्या. २००१ मध्ये त्यांनी कोर्ट आणि कॉलेज यांच्या मधल्या गल्लीत पहिलं कॉफीशॉप काढलं. चौदा खुर्च्या, एकाच वेळी दोन ठिकाणी कॉफी काढणारं, म्हणजे दोन-ग्रुपचं, एस्प्रेसो मशीन, आणि शेजारच्या शहरातल्या एका लहान रोस्टरकडून, म्हणजे कॉफीच्या बिया भाजणाऱ्याकडून, दर आठवड्याला येणाऱ्या ताज्या बिया. ते दुकान चाललं. २००६ च्या अखेरीस त्यांनी दुसरं दुकान घेतलं, हायवेकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यावर, पाच गाळ्यांच्या एका लांबट इमारतीत. भाडेकरार पाच वर्षांचा आणि त्यावर वैयक्तिक हमी, म्हणजे दुकान बुडालं तरी भाडं त्यांच्याच खिशातून. या लेखात पहिल्याला ‘गावातलं दुकान’ आणि दुसऱ्याला ‘रस्त्यावरचं दुकान’ म्हणतो.

तेव्हाचा काळ समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बर्गर विकणाऱ्या साखळ्यांच्या दृष्टीनं कॉफी तोवर नाश्त्याबरोबर देण्याचं एक काळं पेय होतं, एवढंच. मॅकडोनल्ड्सनं मॅककॅफेचा, म्हणजे आपल्या वेगळ्या कॉफी विभागाचा, पहिला काउंटर १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला उघडला होता, पण अमेरिकेत ते लोण खऱ्या अर्थानं यायला पंधरा वर्षं लागली. २००६ मध्ये त्यांनी तिथली साधी कॉफी बदलून जास्त चांगल्या भाजणीची आणली. २००७ च्या सुरुवातीला ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक मासिकानं काळ्या कॉफीची चव घेऊन तुलना केली, तेव्हा मॅकडोनल्ड्सला स्टारबक्स या बड्या कॉफी साखळीच्या वर ठेवलं. मालकीणबाईंनी तो अंक मला दाखवला होता. “या मासिकवाल्यांना साखर चालते तशी कॉफीही चालते,” एवढंच म्हणाल्या आणि अंक रद्दीत टाकला.

त्याच सुमारास स्टारबक्समध्येही खळबळ चालू होती. फेब्रुवारी २००७ मध्ये कंपनीचे अध्यक्ष हॉवर्ड शुल्ट्झ यांनी वरिष्ठांना लिहिलेली चिठ्ठी बाहेर फुटली. हजारापेक्षा कमी दुकानांवरून तेरा हजारांपर्यंत जाताना घेतलेले एकेक निर्णय त्यात त्यांनी मोजून दाखवले होते. स्वयंचलित मशीन आली, वेग वाढला. पण मशीन इतकी उंच की ग्राहकाला बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारा माणूस, दिसेना. बिया हवाबंद पाकिटात आल्या, ताजेपणा टिकला. पण दुकानातला वास गेला. जानेवारी २००८ मध्ये शुल्ट्झ पुन्हा मुख्य कार्यकारी झाले. २६ फेब्रुवारीला संध्याकाळी त्यांनी अमेरिकेतली ७,१०० दुकानं साडेतीन तास बंद ठेवून सगळ्यांना एस्प्रेसो पुन्हा शिकवला. त्याच दिवशी डंकिन डोनट्स या प्रतिस्पर्धी साखळीनं ९९ सेंटला लाटे, म्हणजे भरपूर दूध घातलेली एस्प्रेसो, विकून हात धुऊन घेतले. जुलैमध्ये स्टारबक्सनं ६०० दुकानं बंद करण्याचं जाहीर केलं.

या सगळ्यावर मंदी. ती डिसेंबर २००७ ला सुरू होऊन जून २००९ ला संपली असं अधिकृतरीत्या ठरलं, पण नोकऱ्या जात राहिल्या. ऑक्टोबर २००९ मध्ये देशातली बेकारी १० टक्क्यांवर होती.

अडचण

२००८ च्या हिवाळ्याआधी रस्त्यावरच्या दुकानासमोरच्या बर्गर रेस्टॉरंटमध्ये काम निघालं. काउंटर लांबवला, मागे पाण्याची आणि विजेची नवी लाइन टाकली. पुढच्या वसंतात बाहेर मोठा फलक लागला: लाटे, कॅपुचिनो, मोका, गरम आणि थंड. लहान लाटे सव्वादोन डॉलरच्या आसपास. आमची ३.४० ला होती.

मार्च ते ऑगस्ट २००९ मध्ये रस्त्यावरच्या दुकानाची विक्री पाचव्या हिश्श्यानं घसरली. गावातल्या दुकानाची घट दहा टक्क्यांच्या आत होती. कारणं प्रत्येकानं आपापल्या सोयीची शोधली. मालकीणबाईंच्या मते लोकांना चव राहिली नव्हती. जागामालकाच्या मते आमचा बोर्ड फिका पडला होता. बरिस्ता मंडळी मंदीचं नाव घेत होती. गल्ल्यावरची एक मुलगी तेवढी म्हणाली, “कामाचे बूट घातलेली माणसं येईनाशी झालीत.” ते वाक्य तेव्हा आम्ही कोणीच टिपून घेतलं नाही. हिशेबनीस म्हणून मला त्याची अजून लाज वाटते.

मी गल्ल्याच्या पट्ट्या काढल्या आणि विक्री तासांप्रमाणे आणि पेयांप्रमाणे मांडली. एकूण आकड्यात जे दिसत नव्हतं ते तिथे उघडं पडलं.

रस्त्यावरच्या दुकानात आधी कामाच्या दिवशी सरासरी २६० कप जायचे. त्यातले १३० सकाळी नऊच्या आत. आता नऊच्या आतले १३० चे ८० झाले होते. नऊनंतरचे १३० चे १२५. म्हणजे घट जवळजवळ सगळी सकाळच्या अडीच तासांतली, कामावर जाणाऱ्यांच्या वेळेतली. तीही दोनच पेयांची: सोबत न्यायची साधी कॉफी आणि व्हॅनिला किंवा कॅरमेल घातलेली लहान लाटे. एस्प्रेसो आणि साधी कॅपुचिनो जिथल्या तिथे होती.

गावातल्या दुकानाचं चित्र वेगळं होतं. तिथे घट दिवसभर पसरलेली होती. माणसं तेवढीच येत होती, पण मोठ्या कपाऐवजी मधला घेत होती, सोबतचा केक सोडत होती. मंदीत असंच होतं. माणूस सवय सोडत नाही, तिला कात्री लावतो. रस्त्यावरच्या दुकानात उरलेले लोक पूर्वीइतकंच घेत होते, डोकीच कमी झाली होती. मंदी दोन्हीकडे होती, पण रस्त्यावरचं दुखणं वेगळं होतं.

पहिलं वळण: भांडण कशावरून आहे?

तोवर मालकीणबाई हे भांडण चवीचं समजत होत्या. एका रविवारी त्यांनी समोरून पाच लाटे मागवल्या, आपल्या पाच बनवल्या, आणि सारख्या कपांत ओतून बरिस्तांना डोळे बांधून प्यायला दिल्या. व्हॅनिला घातलेल्या लाटेत पाचांपैकी दोघांनी समोरची निवडली. नुसत्या एस्प्रेसोत मात्र पाचही जणांनी आपली ओळखली. पाच माणसांच्या चाचणीवर कोणी पैसे लावू नयेत हे खरं, पण मालकीणबाईंचा चेहरा उतरला. आमच्या एका लाटेत १८ ग्रॅम कॉफी आणि त्याच्या कितीतरी पट दूध असायचं. त्यात दोन पंप सिरप पडलं की रोस्टरनं महिनाभर झिजून साधलेली भाजणी कुठल्या कुठे जाते. आमचे निम्मे सकाळचे ग्राहक दूध, साखर आणि गरमपणा विकत घेत होते. तिन्ही गोष्टी समोरही मिळत होत्या.

त्यानंतर मालकीणबाई तीन सकाळी गाडीत बसून रस्ता बघत राहिल्या. हे त्यांनी २००६ मध्ये केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. सकाळी गाव सोडून हायवेकडे जाणाऱ्यांना बर्गरचं रेस्टॉरंट उजव्या हाताला होतं. नुसतं आत वळायचं, गाडीत बसूनच खिडकीवर घ्यायचं, पुढे निघायचं. आमच्याकडे यायला समोरून येणाऱ्या गाड्यांतून डावीकडे वळावं लागे. संध्याकाळी परतताना आम्ही सोयीच्या हाताला, पण संध्याकाळी कॉफी कोण घेतो? या धंद्यातले जुने लोक जागा बघताना आधी विचारतात की ती रस्त्याच्या ‘सकाळच्या बाजूला’ आहे का. आमचं दुकान संध्याकाळच्या बाजूला होतं. समोर दुसरी कॉफी नव्हती तोवर लोकांनी ते खपवून घेतलं.

एका कर्मचाऱ्याला त्यांनी सकाळी पावणेआठच्या गर्दीत घड्याळ लावून पाठवलं. आमच्याकडे डावं वळण मिळायला दीड मिनिट, गाडी लावून आत यायला एक, रांगेत तीन, पेय बनायला एक, परत गाडीत बसायला एक. एकूण साडेसात मिनिटं, तीही बर्फ नसताना. समोर खिडकीवर चारच्या आत काम झालं, आणि गाडीतून उतरावंही लागलं नाही. जानेवारीत तापमान शून्याखाली गेलं की गाडीतून न उतरणं हीच खरी चैन असते.

बर्गरवाल्यांना हे स्वस्तात कसं जमतं, याचंही कोडं नव्हतं. खिडकी आधीच होती. माणसं आधीच कामावर होती. भाडं बर्गर आणि नाश्त्यातून निघत होतं. कॉफीला फक्त मशीनचा आणि आणखी एका कपाचा खर्च भागवायचा होता. आमच्याकडे भाडं, पगार, कर्ज, सगळं कॉफीच्याच मानेवर. तरी त्यांच्याकडेही सगळं आलबेल नसणार, हे नोंदवायला हवं. मशीनचे पैसे फ्रँचायझीच्या, म्हणजे साखळीचं नाव घेऊन ते रेस्टॉरंट चालवणाऱ्याच्या, खिशातून जातात, आणि मोका बनवायला लागणारा प्रत्येक जादा सेकंद मागच्या बर्गरच्या गाडीला थांबवतो.

समोरचे पर्याय

*भाव उतरवणं.* याला पर्याय म्हणणंही चूक आहे, कारण मला विचारण्याआधीच त्या ते करून बसल्या होत्या. जून २००९ पासून सहा आठवडे नऊच्या आत दुधाच्या पेयांवर ८० सेंट सूट. तो हिशेब इथे सविस्तर देतो, कारण अनेक दुकानदार इथेच घसरतात.

३.४० च्या लाटेत बियांचे सुमारे २८ सेंट, दुधाचे तेवढेच, बाकी कप, झाकण, सिरप आणि कार्डाची फी मिळून एकूण ९० सेंट जात. म्हणजे हातात २.५० राहत. २.६० ला विकली की हातात १.७०. सकाळी ५० लाटे जात होत्या, म्हणजे रोजचे १२५ डॉलर. तेवढेच मिळवायला नव्या भावात ७४ विकायला हव्या होत्या. विकल्या ५५. रोजचे साडेएकतीस डॉलर गेले, सहा आठवड्यांत साडेनऊशेच्या आसपास. शिवाय पाच जादा कपांतले किती नव्या माणसांचे होते हे आम्हाला आजही माहीत नाही. जे एरवीही आलेच असते त्यांना आपण सूट दिली, आणि जे भावामुळे गेलेच नव्हते त्यांना बोलावत बसलो.

*स्वयंचलित मशीन.* एक बटण दाबलं की दळणं, दाबणं, दूध फेसणं सगळं आपोआप. विक्रेत्यानं प्रत्येक पेयामागे ३० ते ४० सेकंद वाचतील असं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण आमची रांग मशीनपाशी नव्हती. ती गल्ल्यापाशी होती. तिथे एकच माणूस ऑर्डर घेई, पैसे घेई आणि मागे वळून साधी कॉफीही ओतून देई. मशीनमागची बरिस्ता मधूनमधून रिकामी उभी असे. मशीन घेतलं असतं तर ती आणखी थोडा वेळ रिकामी राहिली असती. शिवाय एस्प्रेसो पिणारा जो ग्राहक टिकला होता, तो तिच्या हातासाठीच येत होता. हा पर्याय सोडला, आणि तो सोडल्याचा पश्चात्ताप कधी झाला नाही.

*गरम नाश्ता.* समोर कॉफी नाश्त्याला चिकटून विकली जाते, तर आपणही नाश्ता द्यावा, हा विचार वरकरणी बिनतोड होता. मी तेव्हा स्टारबक्सचं उदाहरण दिलं. शुल्ट्झ यांनी परतल्याबरोबर गरम सँडविच बंद करायचं ठरवलं होतं, कारण ओव्हनमध्ये जळणाऱ्या चीजचा वास कॉफीचा वास मारत होता. पुढे त्यांनी ती कमी तापमानाला भाजून परत आणली. पण त्यांच्याकडे पाककृती सुधारायला माणसं होती. आमच्याकडे एक सेकंडहँड ओव्हन आणि उत्साह.

*आपणही खिडकी काढणं.* नगरपालिकेचा नियम होता की गाड्यांची रांग रस्त्यावर येता कामा नये, आवारातच मावली पाहिजे. पाच गाळ्यांच्या आवारात तेवढी जागा नव्हती. एका बैठकीत विषय संपला.

*रस्त्यावरचं दुकान बंद करणं.* करार २०११ च्या अखेरपर्यंत, हमी वैयक्तिक. आज बंद केलं तरी भाडं चालूच. हा पर्याय काढला की मालकीणबाई उठून कप धुवायला जायच्या.

*घाईच्या माणसाचा नाद सोडणं.* म्हणजे जो थांबतो त्याच्यावर लक्ष द्यायचं, आणि घाईचा माणूस जिथे शेवटी पोचतो तिथे, त्याच्या ऑफिसात, कॉफी न्यायची. ही कल्पना माझी नाही, मालकीणबाईंचीही नाही. ती त्या गल्ल्यावरच्या मुलीची. तिचा भाऊ एका विमा कचेरीत कामाला होता, आणि तिथल्या मशीनच्या कॉफीबद्दल रोज कुरकुर करायचा.

काय केलं

सप्टेंबर २००९ मध्ये नाश्ताच आधी आला. मी विरोध केला होता, पण ताणून धरला नाही. सात आठवड्यांत ते प्रकरण आटोपलं. अंडं-चीजची सँडविच सकाळी करून ठेवावी तर उरत, मागणीप्रमाणे करावी तर रांग आणखी लांबे. आणि तो वास आलाच. कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसणारे दोन नियमित ग्राहक गावातल्या दुकानाकडे वळले. ते आपल्याच दुसऱ्या दुकानात गेले हे आमचं नशीब. ओव्हन घेतला त्याच्या निम्म्या किमतीला गेला.

ऑक्टोबरच्या अखेरीस दुसरा बदल केला, आणि तो साधा होता. साधी कॉफी गल्ल्यामागून काढून दाराजवळच्या टेबलावर थर्मासच्या पंपांत ठेवली. लिटरला साधारण ६० ग्रॅम या प्रमाणात, तासाला ताजी, झाकणावर भरल्याची वेळ लिहिलेली. नेहमीच्या लोकांना दहा कपांची कार्डं आधीच विकली. त्यांनी यावं, कप भरावा, कार्डावर छिद्र पाडावं आणि जावं. छिद्र पाडायला कोणी बघत नसे. महिन्याच्या शेवटी कॉफीची पावडर आणि छिद्रं यांचा मेळ घातला तेव्हा तूट इतकी किरकोळ निघाली की पुढे मी तो मेळ घालणंच सोडलं. साध्या कॉफीची रांग तीन मिनिटांवरून दीडच्या खाली आली. सकाळचे ८० कप ९२ झाले. पण डावं वळण आणि बर्फ जिथे होते तिथेच होते. या बदलातून एवढंच मिळणार होतं.

नोव्हेंबरात ऑफिसांचं काम सुरू केलं. आधी ती विमा कचेरी, मग दोन वकील आणि एक दंतवैद्य. सकाळी साडेसातला भरलेले थर्मास पोचवायचे, दुपारी रिकामे आणायचे. मालकीणबाई स्वतःच्या गाडीतून नेत. पहिल्या आठवड्यात एक थर्मास सीटवर आडवा झाला, आणि ती गाडी पुढे वर्षभर कॉफीशॉपसारखीच दरवळत होती. फेब्रुवारीपर्यंत अकरा ऑफिसं झाली, सगळी गावातल्या दुकानापासून पायी किंवा पाच मिनिटांच्या अंतरावर.

दुसरं वळण: दुकान बंद करायचं का?

फेब्रुवारी २०१० मध्ये मी दोन कागद समोर ठेवले. एकावर दोन्ही दुकानं चालू ठेवून २०११ च्या अखेरपर्यंतचा अंदाज. दुसऱ्यावर रस्त्यावरचं दुकान आजच बंद करून, पण उरलेलं सगळं भाडं भरून. दुसरा कागद कमी तोट्याचा निघाला. दुकान चालवण्यापेक्षा रिकाम्या गाळ्याचं भाडं भरणं स्वस्त पडत होतं, कारण तिथली विक्री पगार आणि मालाचा खर्चसुद्धा धड भागवत नव्हती. ऑफिसांची कॉफी गावातल्याच दुकानात बनत होती, त्यामुळे तिला धक्का लागणार नव्हता.

मालकीणबाईंनी कागद वाचला आणि विचारलं, “तुम्ही हे मागच्या उन्हाळ्यात का नाही मांडलंत?” खरं उत्तर असं की मागच्या उन्हाळ्यात मी भाड्याला दुकानाच्या खर्चात धरत होतो. करार मोडता येत नसेल तर ते भाडं दुकान चाललं काय, बंद पडलं काय, जाणारच असतं. निर्णयाच्या हिशेबात त्याला जागा नाही. ही गोष्ट हिशेबाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मला ती सात महिने उशिरा आठवली.

जागामालकाशी बोलणी झाली. २००९ मध्ये तो ऐकायलाही तयार नव्हता. २०१० च्या वसंतापर्यंत त्याच्या पाचांपैकी दोन गाळे रिकामे होते आणि तिसरा भाडेकरू भाडं थकवत होता. एवढ्यात एका मोबाइल फोनवाल्यानं आमच्या कोपऱ्याच्या गाळ्याची चौकशी केली. चार महिन्यांचं भाडं एकरकमी घेऊन जागामालकानं करार सोडवला. मे २०१० मध्ये दुकान बंद झालं.

निकाल

पाच कर्मचाऱ्यांपैकी तिघांना गावातल्या दुकानात आणि ऑफिसांच्या फेरीवर सामावून घेतलं. चौथा दुसऱ्या गावी गेला. पाचवी, सगळ्यात चांगली बरिस्ता, एका मोठ्या कॉफी साखळीत गेली. तिथे आठवड्याचे ठरावीक तास भरले की आरोग्य विमा मिळत होता. मालकीणबाईंना तो देणं कधीच परवडलं नव्हतं. ग्राहकांसाठी साखळ्यांशी चाललेल्या स्पर्धेवर आम्ही वर्षभर बोललो. त्या बरिस्तासाठीही तीच स्पर्धा चालू होती, त्यावर एकदाही बोललो नाही.

२०१० च्या शेवटी एकूण विक्री २००८ पेक्षा बरीच कमी होती. निव्वळ नफा मात्र दोन वर्षांत पहिल्यांदा शून्याच्या वर आला. ऑफिसांची कॉफी विक्रीच्या पाचव्या हिश्श्याएवढी झाली होती. सकाळी गर्दी, दुपारी शुकशुकाट, हा गावातल्या दुकानाचा जुना ताप थोडा ओसरला, कारण थर्मास भरायचं काम गर्दीच्या आधी होत होतं.

मग २०११ आलं. त्या वसंतात अरेबिका कॉफीचा वायदेभाव पौंडाला तीन डॉलरच्या वर गेला. तीस वर्षांहून अधिक काळात इतका चढला नव्हता. रोस्टरनं दर दोनदा वाढवले. दुकानात लाटेचे दहा-पंधरा सेंट वाढवले तर कोणी फारसं बोललं नाही. पण ऑफिसांशी आम्ही वर्षभराचा ठरीव दर लिहून दिला होता. साध्या कॉफीत दूध नसतं, सिरप नसतं. बियांचा भाव वाढला की तो थेट आपल्याच खिशाला लागतो. ज्या बाजूनं आम्हाला वाचवलं, तीच बाजू २०११ मध्ये जेमतेम बरोबरीत सुटली.

वेगळं काय करता आलं असतं

भाव उतरवण्याचं म्हणाल तर प्रयोग करणं चूक नव्हतं, तो न मोजता करणं चूक होतं. एक आठवडा पुरला असता. सूट फक्त नव्या माणसाला, म्हणजे ज्याच्याकडे आमचं कार्ड नाही त्याला दिली असती, तर निदान कळलं तरी असतं की कोण येतंय.

जागेबद्दल मी मालकीणबाईंना पूर्ण दोष देत नाही. २००६ मध्ये भाडं कमी होतं, आवार मोठं होतं, समोर कॉफी नव्हती. पण पाच वर्षांच्या करारात तिसऱ्या वर्षी बाहेर पडायची एक अट मागता आली असती. त्या वेळी गाळे पटापट जात होते, त्यामुळे मिळाली असतीच असं नाही. मागितली मात्र नाही, हे खरं.

ऑफिसांच्या करारात दर तीन महिन्यांनी बियांच्या भावाप्रमाणे दर बदलण्याची ओळ हवी होती. २०१२ पासून ती आहे. अकरापैकी एकाच ऑफिसानं कुरकुर केली, आणि तेही थांबलं.

नाश्त्याच्या बाबतीत माझंच चुकलं. तो तोट्यात जाईल हे मला आकड्यांत दाखवता येत होतं. मी उदाहरण सांगून थांबलो, कागद मांडला नाही. मालकीणबाईंवर गोष्टींपेक्षा आकड्यांचा परिणाम जास्त होतो, हे मला तोवर कळायला हवं होतं.

एका मुद्द्यावर आमचं आजही एकमत नाही. मालकीणबाईंना वाटतं, हायवेकडच्या रस्त्याच्या सकाळच्या बाजूला खिडकीचं छोटं खोपटं टाकलं असतं, नुसती कॉफी, बसायला काही नाही, तर बर्गरवाल्याला टक्कर देता आली असती. मी म्हणतो, तिथे त्यांच्या खेळात त्यांच्या नियमांनी उतरावं लागलं असतं. त्यावर त्या मॅकडोनल्ड्सचंच उदाहरण माझ्या तोंडावर फेकतात. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी इलिनॉयमधल्या बोलिंगब्रुकला कॉस्मॅक्स नावाच्या पेयांच्या वेगळ्या दुकानांपैकी पहिलं काढलं, आणि मे २०२५ मध्ये ती सगळी बंद करत असल्याचं जाहीर केलं. “पेय विकायचं कसं हे त्यांनाही कळलेलं नाही,” असं त्यांचं म्हणणं. खोपट्यासाठी त्यांनी बघितलेली ती जागा हायवेच्या चढणीआधी उजव्या हाताला अजून रिकामीच आहे. मध्यंतरी त्यांनी पुन्हा भाडं विचारलं. या वेळी फोन करण्याआधी तीन सकाळी तिथे गाडी लावून बसल्या होत्या.